पंपघरातली दुसरी बाई

सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

ही डायरी खरं तर माझ्या मुलीची, स्नेहलची. बारावीच्या क्लासवाल्यांनी फुकट वाटली, पुठ्ठ्यावर क्लासच्या मालकाचा हसरा फोटो. तिला नको होती, मी घेतली. घरात बोलायची सोय उरली नाही. तोंड उघडलं की आमचे हे म्हणतात, "तुला त्या पोरीशिवाय दुसरा इषय हाय का न्हाई?"

नाही. दुसरा विषय नाही. म्हणून वहीत लिहिते.

ती पोरगी म्हणजे अपूर्वा क्षीरसागर. नगरची, बी.ई. मेकॅनिकल, वडील मास्तर. जुलैमध्ये आमच्या डेअरीत आली ती थेट पंपघराची इनचार्ज होऊन. आडनावातच दुधाचा समुद्र, तेव्हा डेअरीत येणारच. मी श्रीरामपूरच्या आयटीआयची फिटर, चौदा वर्षं याच पंपघरात. या चौदा वर्षांत इनचार्ज अशी जागाच नव्हती. मी मागितली तेव्हा "बघू" होतं. डिग्री आली आणि जागा निघाली.

माझं नाव ज्ञानेश्वरी, म्हणून सगळे माऊली म्हणतात. मशीनच्या बाजूला काम करणारी मी एकटी बाई. पाहुणे आले की मॅनेजर रविराज साहेब त्यांना मुद्दाम पंपघरात आणायचे. "या आमच्या माऊली. सगळे पंप ह्यांच्या ताब्यात." आता म्हणतात, "या आमच्या अपूर्वा मॅडम, आणि त्या तिकडं माऊली." तिकडं!

आणि ते निळं दार. चौदा वर्षं मी लघवीला गेटजवळच्या ऑफिसात जात आले. उन्हात, पावसात, पाळीच्या दिवसांत. कितीदा बोलले, सगळे हसून सोडून द्यायचे. ही आली आणि महिनाभरात पंपघरामागे संडास उभा. आत टाइल्स आहेत म्हणे. म्हणे, कारण मी आत पाय टाकलेला नाही आणि टाकणारही नाही. तिने एक किल्ली माझ्या हातात ठेवली होती, "माऊली, ही तुमची." मी ती तिच्यासमोर खिळ्याला टांगली. अजून लटकतेय. छगन एकदा सांगायला लागला, "माऊली, मॅडम साहेबाला काय म्हनल्या ठावं हाय का, त्या संडासाचं..." मी म्हटलं, छगनराव, तुमचा ऑइलचा डबा उघडा राहिलाय तेवढा झाका. छगन आमच्या पाळीचा ऑपरेटर. माणूस बरा, फक्त जिकडे वारा तिकडे मान.

त्याच सुमारास ती एकदा माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "माऊली, तुमची उंची किती हो?" मी बुटकी आहे. वरचं मीटर बघायला मला दुधाच्या क्रेटवर चढावं लागतं. ती एवढी उंच की पाइपाला डोकं आपटतं. मी म्हटलं, "क्रेट धरून का क्रेट सोडून?" निघून गेली. बरं झालं.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच. परवा खंडेनवमी. पंपांची पूजा दरवर्षी मी करते, नारळ मी फोडते. आज साहेब म्हणाले, "ह्या वर्षी नारळ मॅडमच्या हातून. नव्या आहेत, त्यांना बरं वाटेल."

मला काय वाटेल ते कुणी विचारलं नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

नारळ तिचा तर तिचा. गंगा माझी.

माझं माहेर पुणतांबा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. दरवर्षी पूजेला मी तिकडून एक तांब्या पाणी आणते आणि थंड पाण्याच्या टाकीत ओतते. या टाकीतलं बर्फगार पाणी तीन पंप फिरवत ठेवतात. पातळ पत्र्यांच्या एका अंगाने ते पाणी जातं, दुसऱ्या अंगाने दूध, आणि दूध गार होतं. पाणी दुधाला शिवत नाही, त्यामुळे तांब्याभर गंगेला कुणाची ना नसते.

या वर्षी तांब्या नाही. दोन मोठे कॅन. सूर्यभानला काल फोन करून सांगितलं, भरून आण. माझा धाकटा भाऊ बिचारा, सकाळीच मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून हजर. म्हणाला, "ताई, पूर आत्ता कुठं वसरलाय. पानी गढूळ हाय. जरा बसू दे."

मी म्हटलं, बसायला वेळ कुणाला हाय.

अपूर्वाने साडी नेसली होती. नारळ तीनदा आपटूनही फुटेना, शेवटी छगनने फोडला. सगळे टाळ्या वाजवत होते. मला हसू येत होतं, पण ते हसू नीट वरपर्यंत आलं नाही. मग पेढे वाटले, मॅडमबरोबर फोटो, मग सगळे कँटीनकडे. माझे दोन कॅन कोपऱ्यात तसेच. कुणी विचारलंसुद्धा नाही की माऊली, यात काय आहे.

सगळे गेल्यावर मी आणि छगनने ते टाकीवर चढवले. छगन म्हणाला, "माऊली, बुडाला गाळ हाय की."

"गंगेचा गाळबी गंगाच. वता."

एक थेंब वाया घालवला नाही. कॅन आतून खंगाळून तेही टाकीत ओतलं. मग हात जोडून म्हटलं, बाई गं, तूच बघ आता कोण आपलं आहे आणि कोण परकं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

तीन नंबरचा पंप गळतोय.

मी म्हटलं, घाम आहे. गार पंपाला ऑक्टोबरच्या उन्हात घाम सुटतोच, ताकाच्या गार तांब्याला सुटतो तसा. नव्या माणसाला ती गळती वाटते. हे मी जरा मोठ्याने म्हटलं.

तिने फडक्याने पंप कोरडा केला, फिरत्या दांड्याखाली वर्तमानपत्राचा कागद धरला आणि उकिडवी बसून राहिली. घाम असता तर सगळ्या अंगावर आला असता. इथे बाकी पंप कोरडा आणि कागदावर एकाच जागी टप टप. सीलमधून येत होतं.

सील म्हणजे दोन गुळगुळीत चकत्या. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे त्या एकमेकींना चिकटून असतात, एक फिरते, एक थांबते. त्यांच्यामधून पाणी बाहेर येता कामा नये.

"मलाही आधी घामच वाटला होता," ती म्हणाली. खोटं. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली. असल्या चांगुलपणाचा मला जास्त राग येतो. सरळ हसली असती तर भांडता तरी आलं असतं.

मग मला आठवलं. तिन्ही पंपांची सीलं सप्टेंबरमध्ये तिनेच बदलली होती. जुन्या कंपनीची बंद करून नव्या कंपनीची मागवली. मी तेव्हाच म्हटलं होतं, जुनी काय वाईट होती?

आज छगनसमोर तेवढंच म्हटलं, "नवी सीलं." जास्त काही नाही. तोंडात गूळ विरघळल्यासारखं वाटलं.

सोमवार, ६ ऑक्टोबर. कोजागरी

वर्षातला दुधाचा सगळ्यात मोठा दिवस आणि एक नंबरही गळायला लागला. नुसता टपटप नाही, धार. खाली डबकं झालं. दोन पंप गेल्यावर गार पाणी पुरेना, दूध चारवरून सात डिग्रीवर आलं. बाहेर टँकरची रांग. साहेब पंपघराच्या दारात उभे राहून ओरडत होते, तिच्यावर. माझ्यावर नाही! तीन महिन्यांत पहिल्यांदा मी "तिकडं" असल्याचा मला आनंद झाला.

ती पंपाखाली आडवी झाली होती, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. मी क्रेटवर चढून परतीचा व्हॉल्व्ह निम्मा आवळला, सगळं पाणी दुधाच्या बाजूला वळवलं आणि एकट्या दोन नंबरवर गाडी ओढली. दूध हळूहळू खाली आलं. पाच. साडेचार.

ती उठून साहेबांना म्हणाली, "सर, माऊलींनी वाचवलं."

साहेब "हं" म्हणाले आणि फोनवर बोलत निघून गेले. तिच्या तोंडून माझं कौतुक, आणि तेही असं हवेत विरलेलं. मला ते उचलून परत तिच्या हातात द्यावंसं वाटलं.

घरी आले तर स्नेहल विचारते, "आई, अपूर्वाताईंचा नंबर दे ना. मला मेकॅनिकलला जायचंय. त्यांच्यासारखं."

"आणि तुझी आई कोन हाय मग? मेकॅनिकलच ना?"

"अगं तू फिटर आहेस."

वाईट बोलली नाही ती. जे आहे ते बोलली. मसाला दूध मी प्यायले नाही. पोट बरं नाही म्हणाले. खरंच नव्हतं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दोन्ही पंप खोलले, नवी सीलं घातली. मोटर आणि पंप एका रेषेत आहेत का तेही तिने बघितलं, पट्टी लावून, मग घड्याळासारखं मीटर लावून. केसाएवढा फरक निघाला, तो काढला. पाइपाचा ताण पंपावर येतोय का म्हणून आधाराचे बोल्ट सैल करून पाहिले. नाही. दुपारी पंप सुरू केले, कोरडे ठणठणीत. ती हसली. दात छान आहेत तिचे.

संध्याकाळी घरी निघताना मी जाता जाता बोट लावून पाहिलं. ओलं.

मी काही बोलले नाही. उद्या दिसेलच तिला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दिसलं. आता दोन नंबरही.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता बसली होती. छगन म्हणाला, "मॅडम, दोन घास खा की." ती म्हणाली, "माझीच सीलं खराब असतील छगनदादा. मीच मागवली." डोळे भरलेले. एवढी उंच बाई रडायला लागली की कशी मोडून बसते.

मला वाईट वाटलं का? वाटलं असतं. पण माझा डबा तेव्हा संपत आला होता आणि भाजी चांगली झाली होती.

सोमवार, १३ ऑक्टोबर

साहेबांनी मला एकटीला बोलावलं. दार लावून घेतलं. चहा सांगितला. चौदा वर्षांत पहिल्यांदा बशीसकट कपात.

"माऊली, खरं सांगा. मॅडमनी सीलं बदलली आणि गळती लागली, असंच ना?"

मी म्हटलं, "सीलं सप्टेंबरात बदलली, साहेब. गळती त्याच्यानंतर लागली."

एक शब्द खोटा नव्हता.

"दिवाळीआधी गळती थांबली नाही तर मला त्यांना ठेवता येणार नाही. अजून कायम झालेल्या नाहीत, एक महिन्याची नोटीस की झालं. मग पंपघर तुम्हीच बघा. इनचार्ज म्हणून."

मी कप खाली ठेवला तर बशीत वाजला. इनचार्ज. आयटीआयची ज्ञानेश्वरी. पाहुणे येतील आणि मी कुणाच्या तिकडं नसेन.

ऑफिसातून पंपघरापर्यंत येताना मी दारावर माझ्या नावाची पाटी कुठे लागेल ती जागासुद्धा बघून ठेवली. थोडी खालीच लावायला सांगेन.

बुधवार, १५ ऑक्टोबर

काय लिहू.

आज तिने काढलेलं सील घासून धुतलं नाही, तसंच उन्हात नेलं. चकत्यांवर बारीक चरे होते, रेकॉर्डच्या तबकडीवर असतात तसे गोल गोल. म्हणाली, "सील वाईट नाही. मधे काहीतरी आलंय." मग तिन्ही पंपांच्या गाळण्या काढल्या. त्यांची जाळी मोठी, पान-पाला अडवण्यापुरती, त्यात विशेष काही नाही. मग टाकीच्या तळाशी लांब दांड्याची पळी घातली आणि ती वर काढून तळहातावर उलटी केली.

"वाळू आहे. पिठासारखी. चार महिन्यांपूर्वीच टाकी धुतलीय, मग ही आली कुठून? बोअरमधून?"

बोअरचं पाणी पाहिलं. स्वच्छ. आमच्या बोअरला येतो तो पांढरा क्षार, तव्यावर बसतो तसला. ही काळसर होती.

"बघा ना माऊली," म्हणाली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

मी अंगठ्याने चोळली. मऊ, काळी, मधे मधे चमचम. लहानपणी पुणतांब्याच्या घाटावर मी याच वाळूने पितळेचे तांबे घासले आहेत. डोळे बांधून ओळखीन. माझे दोन कॅन. खंगाळून ओतलेले.

टाकीवर चढलेला छगन माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"काय वाटतं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "काय की बाई."

हात तीनदा धुतला. चमचम नखात राहिली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

बोलले नाही.

साहेबांनी तिला सांगितलं की वाळूबिळू सांगू नका, बंद घरातल्या टाकीत वाळू काय चालत आली का, सील तुमचं, चूक तुमची. ती म्हणाली, सर, टाकी रिकामी करून साफ करू द्या, मग बघा. ते म्हणाले, दिवाळीच्या तोंडावर टाकी रिकामी करून दूध माझ्या डोक्यावर ओतू का?

माझं एक वाक्य आणि टाकी आज रिकामी झाली असती.

मला एकच विचारायचंय. तिला काय कमी आहे? डिग्री आहे, वय आहे, वडील मास्तर आहेत, नगरला परत जाईल, दुसरीकडे लागेल. मला हे एक पंपघर आहे. मी का बोलू? नारळ तिच्या हातात दिला नसता तर मी दोन कॅन आणलेच नसते. म्हणजे चूक कुणाची?

हे मी आता परत वाचलं. वाचून मला माझीच लाज वाटली, पण खोडत नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. वसुबारस

सकाळी गाय-वासराची पूजा करताना स्नेहल म्हणाली, "आई, अपूर्वाताईंना काढणार आहेत का? छगनमामांची आरती सांगत होती." आरती छगनची मुलगी, हिच्याच वर्गात.

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. मग मी मेकॅनिकल नको घेऊ का, एवढंच. बाईला ठेवतच नसतील तर."

वासरू माझा पदर चघळत होतं. मी म्हटलं, "घे. मेकॅनिकलच घे." आणि तशीच निघाले, पदराचं टोक ओलं.

साहेबांच्या केबिनमध्ये ती आधीच होती. टेबलावर नोटिशीचा कागद, तिच्यासमोर पेन. मी दारातूनच बोलले, नाहीतर बोलणं झालं नसतं.

"साहेब, वाळू माझी हाय."

"काय?"

"खंडेनवमीला मी गंगेचं पानी आनलं. दोन कॅन. पुराचं गढूळ. टाकीत वतलं. सीलं चांगली हायेत. मॅडमची चूक न्हाई."

साहेब मग ओरडायला लागले ते कँटीनपर्यंत ऐकू गेलं असेल. पुराचं पाणी! डेअरीत! तपासणीवाले आले असते तर! मी खाली बघत उभी. त्यांचं ऐकून घेणं सोपं होतं.

ती ओरडली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"परवा. हातावर ठेवली तवा."

"परवा." ती म्हणाली. "मी कालचा दिवस कसा काढलाय माहीत आहे तुम्हाला? मी घरी बाबांना फोन करून सांगितलं की मला काही येत नाही. आणि तुम्ही शेजारी उभ्या होतात."

मला वाटलं होतं, म्हणेल, जाऊ द्या माऊली. नेहमी म्हणते तसं. नाही म्हणाली. पाठ फिरवून गेली.

निकाल असा. टाकी आजपासून दोन दिवसांत साफ. ती होईपर्यंत मी पंपघरात, कारण टाकीत उतरायची माहिती मलाच. दिवाळी झाली की मी पॅकिंगला, पिशव्या मोजायला. पंपघर मॅडमकडे, कायम.

रविवार, १९ ऑक्टोबर

दूध शेजारच्या चिलिंग सेंटरला वळवलं आणि टाकी उपसली. मी आत, गमबूट घालून, गारठ्याने बोटं सुन्न. ती वर. बादली दोरीने खाली येते, मी गाळ भरते, वर जाते. दिवसभर आम्ही दोघी "ओढा" आणि "सोडा" एवढेच शब्द बोललो.

काठावर बसून छगन बादलीत बघून म्हणाला, "माऊली, ही सगळी गंगा परत नेऊन सोडावी लागंल." कुणी हसलं नाही. मला जरा हसू आलं होतं.

पाइप धुतले, तीन पंपांना नवी सीलं, त्याच कंपनीची. तिचीच.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

एक कोरडा. दोन कोरडा. तीन कोरडा. कागद धरून पाहिला, बोट लावून पाहिलं.

मला वाटलं होतं एखादा तरी गळेल. मनात खोल कुठेतरी मी त्याची वाट बघत होते. खोटं कशाला लिहू.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

पंपघरातला शेवटचा दिवस. माझे नट आवळायचे पाने पुसले, पेटीत ठेवले. क्रेट ठेवू का नेऊ कळेना, ठेवला.

दुपारी लघवीला लागली. ऑफिसकडे जायचं म्हणजे कँटीनवरून जायचं. तिथे पूर्ण पाळी बसलेली, आणि आठवडाभर मी दिसले की सगळ्यांना अचानक चहात काहीतरी सापडतं. माझ्यात ते धाडस नव्हतं. खिळ्याची किल्ली काढली. गंज चढायला लागला होता.

आत पांढऱ्या टाइल्स. साबणाची वडी. एक फळी. आणि भिंतीवर आरसा.

मी हात धुवून वर पाहिलं तर समोर मी. पूर्ण चेहरा, बरोब्बर मधोमध, कुंकवापासून हनुवटीपर्यंत. आयुष्यात कुठल्याही आरशात मी अशी मधोमध दिसलेली नाही. ऑफिसातल्या आरशात मला भांग दिसतो. घरातला ह्यांच्या दाढीच्या मापाने लावलेला. अपूर्वा मॅडमला या आरशात काय दिसत असेल? गळा. फार तर हनुवटी. तोंड बघायचं तर तिला नमस्काराला वाकल्यासारखं वाकावं लागत असेल. रोज. ऑगस्टपासून.

तुमची उंची किती हो.

मी तिथेच उलट्या बादलीवर बसले. 

बाहेर छगन होता. मी विचारलं, "छगनराव, त्या दिवशी काय सांगत हुता? संडासाचं?"

"तेच की. मॅडम पयल्या आठवड्यात साहेबाला म्हनल्या, माऊली चौदा वरसं गेटपत्तुर जात्यात हे तुमाला दिसलं न्हाई का? माज्यासाठी नगं, त्यांच्यासाठी बांधा. न्हाईतर मी जाते. तुमी ऐकूनच घेत न्हवता."

जळायचं तरी किती जळायचं माणसाने. चौदा वर्षं मी जे मागत होते ते तिने एका आठवड्यात मागितलं, आणि ते माझ्याच नावाने. मला यातही ती पुढे गेलेलीच दिसली. राग आला, खरंच आला. फक्त कुणाचा ते आज समजेना.

पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर आणि हातड्रिल काढलं, क्रेट उचलला आणि परत आत गेले. आरसा काढला. वर, तिच्या उंचीला, दोन नवीन भोकं पाडून लावला. दोन्ही स्क्रू घट्ट आणि सरळ. क्रेटवरून उतरून पाहिलं तर मला त्यात फक्त छत आणि दिवा.

ठीक आहे. पंपघर तिचं. आरसाही तिचा असू दे.

किल्ली खिळ्याला अडकवली. ती पंपांपाशी कानोसा घेत उभी होती. मी म्हटलं, "येते मॅडम." ती म्हणाली, "हो." एवढंच.

सोमवार, २७ ऑक्टोबर

पॅकिंगमध्ये पिशव्यांचा आवाज चट् चट् चट्. लंकाबाई माझ्या शेजारी. पहिल्याच दिवशी विचारलं, "व्हय गं, तिथं पंपात गंगा वतली म्हनं तू?" सगळ्या हसल्या. चांगल्या बाया आहेत. मला कुणी आवडली नाही.

भिंतीपलीकडे पंप ऐकू येतात. तिन्ही नीट चाललेत. माझ्याशिवाय.

बुधवार, २९ ऑक्टोबर

पॅकिंगहून ऑफिस जवळ आहे. निळं दार लांब, अख्खं अंगण ओलांडून. तरी आज तिकडेच गेले. का गेले ते विचारू नये.

खिळ्याला किल्ली होती. तिच्यावर तेल लावलेलं, गंज पुसलेला.

आत आरसा परत खाली. समोर मी, मधोमध.

वरची माझी दोन भोकं तशीच उघडी. नवीन स्क्रू मारलेत, पण कसले! डावीकडचा चक्क तिरका, डोकं बाहेर, चुना उडालेला. एवढी बी.ई. झाली आणि भिंतीत एक स्क्रू सरळ घालता येत नाही.

उद्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाते. शेजारी उभी राहणार असेल तर दाखवीन कसा धरायचा.